मारवेलची गंजी

आमच्या इमारतीला तेव्हा पत्ता होता, पण रस्ता नव्हता. वाशी, अमुक सेक्टर, तमुक प्लॉट असं रेशनकार्डावर ठसठशीत लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात बस जिथे सोडायची तिथून मुरमाची पायवाट, दोन चर आणि एक मोकळा प्लॉट ओलांडून घरी यायचं. पावसाळ्यात पाहुणे यायचे ते चपला हातात घेऊनच. आई गिरगावातली. पहिले दोन महिने ती खिडकीत उभी राहून कुठे कुणी भांडतंय का ते ऐकायची. कुणीच भांडत नव्हतं. खाडीचा वारा होता आणि त्या मोकळ्या प्लॉटवर दिवसभर हलणारं गवत होतं.

मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि मला घरात स्वप्नाळू म्हणायची पद्धत होती. खरं तर मी आळशी होते. पण आळशी मुलीला कामं सांगतात आणि स्वप्नाळू मुलीला सांगत नाहीत, हे मला लवकर कळलं होतं. शाळा सकाळची. दुपारी जेवण झालं की मी त्या प्लॉटवर जायची आणि गवतात उताणी पडायची. गवत माझ्या कमरेच्या वर होतं. आत पडलं की इमारत नाहीशी व्हायची, आईच्या हाका लांबून कुठून तरी पाण्याखालून आल्यासारख्या यायच्या, आणि वर आकाशाच्या तुकड्याभोवती जांभळट तुरे डोलत राहायचे. अंग इतकं जड व्हायचं की वाटायचं, अजून थोडा वेळ पडलो तर आपल्यालाही मुळं फुटतील. मग खरंच झोप लागायची.

ते गवत कुठलं, हे मला बाबांनी सांगितलं. बाबा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. तसे ते साताऱ्याकडचे, मॅट्रिक होईपर्यंत गुरं राखलेले. एका संध्याकाळी ते बसमधून उतरून सरळ घरी आले नाहीत. मी खिडकीतून पाहिलं तर प्लॉटच्या मध्यावर उकिडवे बसलेले, डबा बाजूला ठेवलेला. मी खाली गेले. त्यांनी एक काडी माझ्या हातात दिली. तिच्या प्रत्येक पेराभोवती बारीक पांढऱ्या केसांचं कडं होतं.

"मारवेल," ते म्हणाले. "हे कडं दिसलं की डोळे झाकून ओळखायची. गाय बाकी सगळं सोडून आधी ही खाते. उन्हाळ्यात वरून मरते, पण खाली ठोंब जिवंत असतो. चार सरी पडल्या की पुन्हा हिरवी."

मग त्यांनी स्वतःसाठीही एक तोडली. काडी चावत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कचेरीतून आलेले बाबा मला माहीत होते, सकाळी दाढी करणारे बाबा माहीत होते. हे कुणीतरी माझ्याच वयाचं होतं. त्यांची खात्री होती की भरावाच्या मातीबरोबर ही मारवेल डंपरमधून घाट उतरून आली, त्यांच्याच माळावरून, त्यांच्या पाठोपाठ.

या समजुतीला धक्का दिला तो गावातल्या आजींनी. प्लॉटच्या पलीकडे जुनं गाव होतं, तिथून त्या रोज दुपारी आपली तांबडी गाय घेऊन यायच्या. काष्टी नेसलेल्या, काटक, छत्री कायम बगलेत. ऊन असलं तरी उघडायची नाही. गाय चरायची आणि त्या दगडावर बसून नारळाच्या सोडणानं तिचं अंग घासायच्या. त्यांची शेती नवीन शहरासाठी गेली होती. हे त्या रडगाणं म्हणून सांगत नसत, नुसतं दाखवत. "तुमचा जिना हाय ना, तिथं आमचं खळं व्हतं." मी जिन्यावरून जाताना कितीतरी दिवस पाय जपून टाकायची.

बाबांनी त्यांना मारवेलची कहाणी सांगितली. आजींनी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "भाऊ, ह्ये गवत आमच्या बांधावर माझं लगीन व्हायच्या आधीपासून हाय. तुमी आता आलाव."

बाबा हसले, पण त्यांना ते पटलं नाही, हे मला कळलं. त्यांना ती मारवेल साताऱ्याचीच हवी होती.

पुढचं सगळं त्या गाईवरून झालं. पूर्वी आजींच्या घरी गाईला उन्हाळ्यात भाताचा पेंढा असायचा. शेत गेलं तसा पेंढाही गेला. पावसात आणि त्यानंतर दोन-तीन महिने मोकळ्या प्लॉटांवर चरायला मिळायचं, पुढे नुसता मुरूम. मुलगा तळोज्याच्या बाजूला कारखान्यात लागला होता. त्यानं त्या वर्षी आईला स्पष्ट सांगितलं की उन्हाळ्याचा चारा कुठून आणणार ते आत्ताच सांग, नाहीतर गाय बहिणीकडे नावड्याला पाठवू. बहिणीकडे, म्हणजे आजींच्या लेकीकडे, अजून थोडी जमीन आणि मागे टेकडीचा उतार होता. मुलाचं चुकत नव्हतं. पण घरात जे काही जुनं उरलं होतं त्यातली ही एकटी गाय होती, आणि आजींना ती दावणीला हवी होती. हे त्यांनी बाबांना सांगितलं तेव्हा त्या गाईकडे बघत होत्या, बाबांकडे नाही.

बाबा म्हणाले, "मावशी, पाऊस पडेपर्यंतचा चारा मी देतो. एवढं रान राखलं तर एका गाईला पुरून उरेल."

रान राखायचं म्हणजे गणपती झाले की त्यात गुरं घालायची नाहीत. गवत वाढू द्यायचं, तुऱ्यावर आलं की दसऱ्याच्या सुमाराला कापायचं, वाळवायचं आणि गंजी रचून ठेवायची. बाबांच्या गावची ही रीत. इकडे भाताचा पेंढा असल्यामुळे कुणाला गवत राखायची गरज पडली नव्हती. आजींनी मात्र शब्द पाळला. गणपती गेल्यावर त्यांची गाय प्लॉटवर आली नाही. त्या चराच्या कडेनं, रस्त्याच्या कडेनं, जिथे मूठभर मिळेल तिथे तिला आखूड दाव्यानं धरून चारत फिरायच्या. गाय मान वळवून मारवेलकडे बघायची आणि आजी तिला ओढून न्यायच्या. आज आठवलं तरी मला ते ओढणं दिसतं.

दसऱ्यानंतर बाबांनी तीन दिवसांची रजा टाकली. लग्नासाठी सोडून त्यांनी टाकलेली ती पहिली रजा असावी. गावाहून आणलेला विळा माळ्यावरून उतरवला, धोतर नेसले आणि पहाटे प्लॉटवर गेले. सगळ्या बाल्कन्यांत माणसं उभी. पँट घालून बसनं कचेरीला जाणारा माणूस गुडघ्यावर बसून सपसप गवत कापतोय, हे आमच्या सोसायटीला नवीन होतं. आई म्हणाली, "फ्लॅट घेतलाय असं मला वाटत होतं, कुरण निघालं." पण दुपारी तीच पदर खोचून खाली आली. गवताच्याच चार काड्यांना पीळ देऊन पेंढी कशी बांधायची ते बाबांनी तिला दाखवलं, आणि संध्याकाळपर्यंत गिरगावची बाई बाबांपेक्षा घट्ट पेंढ्या बांधायला लागली. मी पेंढ्या उभ्या करायची. हातांना गोडसर वास यायचा, तो जाऊ नये म्हणून मी जेवायच्या आधी हात न धुता नुसते पुसायची. ते तीन दिवस आम्ही तिघं जितकं हसलो तितकं त्या घरात पुन्हा क्वचितच हसलो असू.

दोन उन्हं दिली. तिसऱ्या दिवशी खाडीवर ढग आले. रजाही संपत होती. बाबांनी गंजी रचायला घेतली.

आजी इमारतीच्या कुंपणापलीकडे उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, आजून दोन-तीन दिस ऱ्हाऊ दे. हिथं खाडीचा वारा हाय. सुकलेलं परत वलं होतं."

"मावशी, गंज्या रचण्यात आमची हयात गेली," बाबा म्हणाले. बाबांनी गाव सोडलं तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. पण त्या क्षणी त्यांना हे कुणी सांगू शकलं नसतं. गावाकडे दोन उन्हं पुरतात म्हणून इथेही पुरतील, असा त्यांचा हिशेब होता.

आजींनी पुन्हा सांगितलं नाही. एकदा सांगून झालं होतं. दुसऱ्यांदा सांगायला त्या काही बाबांच्या सासूबाई नव्हत्या.

पाण्याच्या टाकीमागे, कंपाउंडच्या आतल्या अंगाला गंजी उभी राहिली. खाली दगड, वर पेंढ्यांचे थर, माथा निमुळता आणि शाकारलेला. बाबा चार पावलं मागे गेले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले की स्कूटर लावायची जागा अडली. अख्ख्या इमारतीत एकच स्कूटर होती आणि ती त्यांची होती, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

माझं झोपायचं गवत आता गंजीत गेलं होतं, म्हणून मीही तिकडे गेले. रोज दुपारी तिला पाठ टेकून बसायची. चौथ्या की पाचव्या दिवशी मी सहज दोन पेंढ्यांच्या मधे हात घातला. कोपरापर्यंत आत गेला. आत ऊब होती.

किती छान ऊब होती ती. मांजराच्या पोटाखाली असते तशी. मी हात तसाच ठेवून डोळे मिटले. मला वाटलं, गवत मेलेलं नाहीच, आत झोपलंय आणि श्वास घेतंय. बाबांनी सांगितलं होतं ना, वरून मरते पण आत जिवंत असते. मी त्यात रोज काहीतरी घालत गेले. आत एक गाव आहे, तिथे दिवे लागलेत, तिथे माझ्या वयाचे बाबा गुरं घेऊन परत येतायत. दिवसेंदिवस आत जास्त गरम होत गेलं. वास बदलला, गुळाचा पाक उतू गेल्यावर येतो तसा झाला. सकाळी शाळेत जाताना माथ्यावरून वाफ निघताना दिसायची. ती मला धुक्यासारखी वाटायची, आणि मी शाळेत दिवसभर त्या वाफेचा विचार करायची. आठवड्याभरानं आत हात ठेववेना. तरी मी कुणाला सांगितलं नाही. ते माझं होतं.

एका दुपारी आजी कुंपणापलीकडून गाईला घेऊन चालल्या होत्या. थांबल्या आणि म्हणाल्या, "काय गो, गंजीत काय हाय?"

"काय नाय," मी म्हटलं आणि हात काढून पाठीमागे लपवला. तो लाल झाला होता.

एवढं एक वाक्य. मी "आजी, आत गरम लागतंय" म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी गंजी मोडून, गवत पुन्हा पसरून, निम्मंशिम्मं तरी वाचलं असतं. मला तेव्हा माहीत नव्हतं, हे खरं. पण मी हात लपवला होता, हेही खरं. न कळणारं मूल हात लपवत नाही.

हळूहळू ऊब कमी झाली. मला वाटलं, गवत गाढ झोपलं.

संक्रांतीच्या पुढेमागे प्लॉटांवरचं हिरवं संपलं आणि आजी पहिली पेंढी न्यायला आल्या. बाबा मुद्दाम घरी थांबले होते. त्यांनी वरच्या पेंढ्या बाजूला केल्या आणि त्यांचा हात तिथेच राहिला. आत सगळं तपकिरी-काळं झालं होतं, मधे मधे पांढरी बुरशी. एक पेंढी ओढली तर ती हातात भुगा होऊन आली. गाईसमोर धरली. गाईनं हुंगलं, जोरानं श्वास सोडला आणि तोंड फिरवलं.

आजींनी मूठभर घेऊन वास घेतला आणि टाकून दिलं. हात पदराला पुसला. बाबांना एक शब्द बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "भायेरचं चांगलं हाय. पंधरा-वीस दिस जातील." मग बाहेरच्या थराच्या चांगल्या पेंढ्या त्यांनी स्वतः निवडल्या, दोन खेपांत डोक्यावरून नेल्या. मी टाकीच्या आड उभी होते. मला वाटलं, आता त्या माझ्याकडे बघतील आणि म्हणतील, हिला माहीत होतं. त्या नाही म्हणाल्या.

होळी झाल्यावर गाय नावड्याला गेली. टेम्पोत ती चढेना, म्हणून आजी तिला चालवत घेऊन गेल्या. पहाटे निघाल्या. मी खिडकीतून पाहिलं, छत्री बगलेत, दावं हातात, मुरमाच्या वाटेनं दोघी लहान होत गेल्या. आठ दिवसांनी त्या परत आल्या, पण त्यांचं चित्त लागेना. पावसाच्या आत त्याही लेकीकडे गेल्या, त्या कायमच्या. पुढे वाशीत घाऊक मार्केट आलं, कोबीचा पाला ढिगानं पडायला लागला. आई एकदा म्हणाली, हे दोन-तीन वर्षं आधी आलं असतं तर. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं.

बाबा त्यानंतर मारवेलबद्दल कधी बोलले नाहीत. विळा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेला. माझ्याकडे ते नीट बघतसुद्धा नसत, निदान मला तसं वाटायचं, आणि मी त्याचा एकच अर्थ लावला होता. यांना कळलंय. माझ्यामुळे आजींची गाय गेली, हे यांना कळलंय आणि मी लहान म्हणून बोलत नाहीत. मी त्या प्लॉटवर जायचं सोडलं. मारवेल मात्र दर पावसाळ्यात उठायची. दर उन्हाळ्यात पिवळी पडायची, मरायची, आणि पुन्हा उठायची. मी खिडकी लावून अभ्यास करायची. त्या गवताचा मला संताप यायचा.

अशी अकरा वर्षं गेली. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, बाबा नुकतेच निवृत्त झाले होते, आणि प्लॉटवर पत्रे उभे राहिले. तिथे सात मजली इमारत होणार होती. खोदायची मशीन यायच्या आदल्या सकाळी बाबा वॉचमनची कुदळ घेऊन पत्र्याआड शिरले आणि मारवेलचे तीन ठोंब मुळासकट काढून आले. ओल्या गोणपाटात बांधले. मला म्हणाले, "नावड्याला जाऊन येऊ. येतेस?" त्यांनी मला कधी असं विचारलं नव्हतं. मी नाही कसं म्हणणार?

बसमध्ये गोणपाट माझ्या मांडीवर होतं. मुळांचा ओला वास येत होता, म्हणून मी तोंड खिडकीकडे केलं होतं.

नावड्याला घर सापडायला वेळ लागला नाही. मागे टेकडी होती, टेकडीच्या पलीकडे कारखान्यांचा धूर. आजी पडवीत बसल्या होत्या. वाकलेल्या, पण छत्री शेजारी होतीच. "वाशीचे भाऊ," म्हणाल्या, जसे काही आम्ही गेल्या आठवड्यात येऊन गेलो होतो. अंगणात एक तांबडी गाय बांधली होती. ती नव्हे, तिच्या कालवडीची कालवड. चहा झाला. बाबांनी गोणपाट सोडून ठोंब अंगणात ठेवले.

आणि माझा बांध फुटला. मी रडत रडत सगळं सांगितलं. ऊब, वास, वाफ, लपवलेला हात. "आजी, मला माहीत होतं आत गरम लागतंय. तुम्ही विचारलंत तरी मी सांगितलं नाही. माझ्यामुळे तुमची गाय गेली."

आजी काही बोलायच्या आत बाबा बोलले. माझ्याकडे नाही, ठोंबांकडे बघत.

"ओल राहिली की गंजी आतून तापते, आणि तापली की मोडायची असते. हे मला सहाव्या-सातव्या वर्षापासून माहीत होतं. मी रोज सकाळी बस पकडायच्या आधी हात घालून बघत होतो." थोडं थांबून म्हणाले, "तिसऱ्या दिवशीच कळलं होतं मला. मोडवेना. मावशी, तुमी सांगितलं होतं ना. कुठल्या तोंडानं मोडू?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. अकरा वर्षं मी जे एकटीनं वाहिलं ते या माणसाकडेही होतं, मोठ्या माणसाच्या अकलेसकट होतं, आणि त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं ते त्यामुळे. मला कीव यायला हवी होती. मला राग आला. इतका राग की रडणं थांबलं.

"मला एकदा सांगितलं असतंत तर," मी म्हटलं.

"तू घालतेस हात, हे मला कुठं ठाऊक होतं," ते म्हणाले.

एवढ्यात मागे कराकरा आवाज झाला. गाईनं दावं ताणून एका ठोंबाचा शेंडा गाठला होता आणि डोळे मिटून ती तो खात होती. मी ठोंब ओढायला धावले. आजींनी हातानं थांबवलं.

"खाऊ दे," त्या म्हणाल्या. "तिच्या आजीच्या वाटनीचं हाय. मूळ ठेव फकस्त."

माफ केलं असं आजी म्हणाल्या नाहीत. उठल्या, छत्री टेकत टेकत घरामागे गेल्या आणि उताराच्या बांधावर जागा दाखवली. बाबांनी कुदळ मागून घेतली. खड्डा झाल्यावर ते गुडघ्यावर बसले आणि मला म्हणाले, "धर जरा सरळ." माझा राग अजून उतरला नव्हता. तरी मी बसले आणि शेंडा खाल्लेला तो ठोंब दोन्ही हातांनी धरला, आणि भोवतीनं माती लोटता लोटता त्यांनी मूळ कुठवर ओलं आहे ते हात घालून पाहिलं. मग मीही पाहिलं.